सोबत्याचे ऋण

गुप्तहेरकथांचा नाद असलेल्या कोणालाही एक साधा प्रश्न विचारून पाहावा. या कथांतील कोणता माणूस आपल्या घरी चार दिवस राहायला आलेला तुम्हाला आवडेल? शेरलॉक होम्सचे नाव बहुधा कोणी घेणार नाही. अपरात्री व्हायोलिन छेडणारा, रसायनांच्या वासाने घर भरून टाकणारा, लहर लागली की दिवाणखान्याच्या भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनी राणीच्या नावाची आद्याक्षरे कोरणारा हा पाहुणा कोणत्या गृहिणीला मानवेल? डॉ. वॉटसन आला, तर मात्र आपण दार उघडून त्याला आत घेऊ आणि चहाचे आधण ठेवू. होम्सचे आपल्याला कौतुक वाटते, वॉटसनवर आपला जीव जडतो.

हा जिव्हाळा मी अनेक वर्षे बाळगून आहे. पडद्यावर कोणी नवा वॉटसन आला, कोणी नवा अजित आला, की माझी नजर आधी त्याच्याकडे जाते. गुप्तहेर कोण आहे, हे मी नंतर पाहतो. परंतु या जिव्हाळ्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो टाळून चालणार नाही. जो माणूस दुसऱ्याच्या मोठेपणाच्या सावलीत आयुष्य काढतो, ज्याला पुष्कळदा सत्य सर्वांत शेवटी कळते, ज्याला त्याचा मित्र प्रसंगी फसवतोही, त्याच्या निष्ठेला आपण सद्गुण म्हणावे काय? की त्याच्यावर प्रेम करताना आपण नकळत भाबडेपणाचीच आरती ओवाळतो?

प्रथम या सोबत्याची ओळख नीट करून घेऊ. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ साली होम्सची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या आरंभीच वॉटसन आपली हकीकत सांगतो. लष्करी डॉक्टर म्हणून तो बोटीने मुंबई बंदरात उतरला. तोवर त्याचे पथक खिंडी ओलांडून अफगाणिस्तानात पुढे गेले होते. त्याने कंदाहार गाठले आणि पुढे मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्याला गोळी लागली. ही लढाई काल्पनिक नाही. ती २७ जुलै १८८० रोजी झाली आणि तीत मुंबई इलाख्याच्या पलटणीही लढल्या होत्या. घायाळ वॉटसन शत्रूच्या हाती पडायचा. परंतु मरे नावाच्या त्याच्या अर्दलीने त्याला एका लद्दू घोड्यावर घातले आणि सुखरूप परत आणले.

हा मरे कादंबरीत ओझरताच येतो आणि कथेतून निघून जातो. पण मला वाटते, वॉटसनच्या स्वभावाची किल्ली येथेच आहे. जगातील या सर्वांत प्रसिद्ध सोबत्याचे प्राण आधी दुसऱ्या एका सोबत्याने वाचवले होते. आपण जिवंत आहोत ते कोणाच्या तरी निष्ठेमुळे, हे ज्याला ठाऊक असते, त्याला दुसऱ्याची सोबत करण्यात कमीपणा वाटत नाही.

पुस्तकात वॉटसनचे काम स्पष्ट आहे. तो कथा सांगतो. होम्स आपल्याला दिसतो तो वॉटसनच्या डोळ्यांनी. मराठी वाचकालाही ही जोडी अपरिचित नाही. भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या आणि बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयाबरोबर छोटू असतच असे. परंतु कथा पडद्यावर आली, की सोबत्यावर एक विचित्र आपत्ती ओढवते. सांगण्याचे काम कॅमेरा आपल्याकडे घेतो. निवेदक बेरोजगार होतो. आता या माणसाने करायचे काय?

अनेक दिग्दर्शकांनी सोपा मार्ग पत्करला. त्यांनी त्याला विदूषक केले. १९३९ ते १९४६ या काळात बॅझिल रॅथबोन यांच्या होम्सबरोबर नायजेल ब्रूस यांनी १४ चित्रपटांत वॉटसन रंगवला. तो प्रेमळ आहे, शूर आहे, पण गोंधळलेला, पुटपुटणारा, म्हातारा बाळ आहे. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि मलाही तो आवडतो. तरीही मनात शंका येते, की एवढ्या तल्लख माणसाने असा मित्र सोबत का ठेवावा? आपल्याकडे दूरदर्शनवर १९८५ साली ‘करमचंद’ ही मालिका आली. पंकज कपूर यांचा गाजरे खाणारा गुप्तहेर आणि सुश्मिता मुखर्जी यांची किटी यांनी घराघरांत हशा पिकवला. मालिकेतला ठरलेला विनोद कोणता, तर किटीने काही विचारायचे आणि करमचंदने तिला गप्प बसवायचे. आपण हसलो. मुलांनी ते वाक्य उचलले आणि बहिणींवर वापरले. दुसऱ्याला मूर्ख ठरवून एकाला हुशार ठरवणे, हे हशा मिळवण्याचे फार जुने आणि फार स्वस्त साधन आहे.

परंतु काही अभिनेत्यांनी दुसरा मार्ग शोधला. सांगण्याचे काम गेले, तर ऐकण्याचे काम उरते, हे त्यांनी ओळखले. १९८४ पासून ब्रिटिश दूरचित्रवाणीवर जेरेमी ब्रेट यांची होम्सकथांची मालिका सुरू झाली. तीत वॉटसनला मूळ पुस्तकातला मान परत मिळाला. प्रथम डेव्हिड बर्क आणि १९८६ पासून एडवर्ड हार्डविक यांनी तो साकारला. हार्डविक यांचा वॉटसन पाहताना जाणवते, की होम्स बोलत असताना आपण पाहतो आहोत तो वॉटसनचा चेहरा. त्या चेहऱ्यावर कुतूहल येते, शंका येते, काळजी येते; कधी मित्राच्या उद्धटपणाबद्दल पाहुण्याची मूक क्षमाही मागितली जाते. सोव्हिएत रशियात १९७९ ते १९८६ या काळात व्हिताली सोलोमिन यांनीही असाच समंजस, स्वाभिमानी वॉटसन उभा केला.

आपल्या घरातले उदाहरण मात्र अजितचे. १९९३ साली बासू चटर्जी यांनी ‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिका दूरदर्शनसाठी केली. तिचा दुसरा भाग १९९७ साली आला. रजित कपूर ब्योमकेश होते आणि के. के. रैना अजित. ब्योमकेशची पत्नी सत्यवती आपल्या सुकन्या कुलकर्णींनी साकारली. त्या काळी आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावांत चार घरांत मिळून एक दूरचित्रवाणी संच असे, छपरावरचा अँटेना फिरवायला एक मुलगा चढलेला असे आणि ऐन रहस्यभेदाच्या वेळी वीज गेली, तर खुन्याचे नाव दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावातल्या मित्राला विचारावे लागे. मारामारी नाही, गाणी नाहीत, भडक पार्श्वसंगीत नाही, अशा त्या मालिकेत लोक इतके का रमले? मला वाटते, रैनांच्या अजितचा त्यात मोठा वाटा होता. तो घाईने काही बोलत नाही. प्रश्न विचारतो तो आपल्या मनातलाच असतो. चुकीचा तर्क करतो तोही आपणच केलेला असतो. पण त्या चुकीने तो हास्यास्पद होत नाही, कारण सत्य कळावे ही त्याची इच्छा ब्योमकेशइतकीच खरी आहे.

या जोडीचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय यांचे महाराष्ट्राशी नाते होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चित्रपटांसाठी लिहायला ते १९३८ साली मुंबईत आले आणि १९५२ साली पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या उत्तरकाळातील कितीतरी कथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. पहिल्या कथेत ब्योमकेश खोटे नाव घेऊन कोलकात्याच्या एका खाणावळवजा वसतिगृहात येतो. जागा नसते. अजित आपल्या खोलीतली अर्धी जागा त्या अनोळखी माणसाला देतो. त्यांच्या मैत्रीचा उगम बुद्धीच्या आकर्षणात नाही, अंथरुणापुरती जागा देण्याच्या औदार्यात आहे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू, कारण तो हलका नाही. १८९१ साली होम्स स्वित्झर्लंडमधील एका धबधब्यात पडून मेला, असे वॉटसन समजतो. तो शोक करतो. १८९४ साली होम्स जिवंत परततो, तेव्हा वॉटसनला भोवळ येते. होम्सने ही गोष्ट आपल्या भावाला कळवली होती. मित्राला कळवली नव्हती. वॉटसनचे प्रेम इतके उघडे, की त्याच्याकडून गुपित फुटेल, असे त्याचे कारण! शुद्धीवर आल्यावर वॉटसन काय करतो? तो मित्राचा दंड धरून पाहतो, की हा खरेच आहे ना. रागाचा एक शब्द नाही. हार्डविक यांनी हा प्रसंग साकारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत आनंद होताच, पण त्या आनंदाखाली तीन वर्षांची जखमही होती. पुस्तकातील वॉटसनने स्वतःबद्दल जे सांगितले नाही, ते नटाने दाखवले.

अशी क्षमा सद्गुण की दुबळेपणा? उत्तर शोधताना आपली मराठी भाषा एक वाट दाखवते. ‘साथीदार’ हा शब्द वर्तमानपत्रात कोठे वाचायला मिळतो? ‘आरोपी व त्याचे तीन साथीदार फरार’, अशा बातमीत. साथ दिली एवढ्याने माणूस चांगला ठरत नाही, हे आपल्या भाषेने केव्हाच ओळखले आहे. चोराची टोळी निष्ठेवरच चालते. पुढाऱ्यामागे डोळे मिटून जाणारा जमावही निष्ठावंतच म्हणवतो. तेव्हा निष्ठा स्वयमेव सद्गुण नव्हे. ती कोणाशी आहे, आणि ती ठेवताना डोळे उघडे आहेत काय, हे पाहावे लागते.

वॉटसनचे डोळे उघडे आहेत. होम्स कोकेनची सुई टोचून घेतो, तेव्हा वॉटसन डॉक्टर म्हणून आणि मित्र म्हणूनही त्याला तोंडावर खडसावतो. नॉरबरी गावच्या एका प्रकरणात होम्सचा तर्क साफ चुकतो. तेव्हा होम्सच त्याला विनवतो, की मी कधी फार गर्व करू लागलो, तर माझ्या कानात या गावाचे नाव हळूच सांग. गर्व झाल्यास आपल्याला भानावर आणण्याचा अधिकार त्या गर्विष्ठ माणसाने एकट्या वॉटसनला दिला. आणि वॉटसनने ती फजिती लिहूनही ठेवली. तो भाट असता, तर ती लपवली असती. दिबाकर बॅनर्जी यांच्या २०१५ सालच्या चित्रपटातील अजित तर एक पाऊल पुढे जातो. बेपत्ता वडिलांचा शोध घ्यावा म्हणून तो ब्योमकेशकडे येतो. ब्योमकेश थंडपणे त्यांच्याविषयी वाईट शक्यता बोलून दाखवतो, तेव्हा अजित त्याला थप्पड मारतो. त्या थपडेनंतर जुळलेली मैत्री मला फार विश्वासार्ह वाटते.

निष्ठेला दुसरी अट स्वेच्छेची. वॉटसन बेकर स्ट्रीट सोडून जाऊ शकतो, आणि लग्न करून तो जातोही. परत येतो तो स्वतःच्या मर्जीने. ही अट आपल्याला किरकोळ वाटते, कारण पडद्यावर ती सहज पुरी होते. पण जेथे आपण राहतो, तेथे सोबतीचा आणखी एक प्रकार आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा आणि बायको मिळून एक जोडी होते आणि त्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, एक कोयता. एक ऊस तोडतो, दुसरी मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जाते. उचल मुकादमाकडून बहुधा पुरुषाच्या हाती येते. एक जण आजारी पडला, की कोयता बंद आणि खाड्याचे पैसे कापले जातात. या बायकांवर मोठ्या संख्येने गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया होत असल्याचे २०१९ साली गाजले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

पडद्यावरच्या सोबत्याची गोष्ट सांगता सांगता मी उसाच्या फडात का आलो, असे कोणी विचारील. अशासाठी, की पडद्यावरच्या निष्ठेवर प्रेम करणे फार सोपे आहे, आणि जिच्या निष्ठेवर घर उभे आहे तिला हिशेबात नावही नसावे, हे आपल्याला खुपत नाही. त्या माउलीची साथ वॉटसनच्या साथीहून कमी मोलाची नाही. पण ती तिने निवडली, असे म्हणवत नाही. तिच्या त्यागाचे नुसते गुणगान करून आपण मोकळे झालो, तर ते गुणगान म्हणजे तिच्या डोक्यावरची आणखी एक मोळी होईल.

म्हणून मला वाटते, आपण प्रश्न चुकीच्या माणसाला विचारतो. सोबत्याची निष्ठा योग्य की अयोग्य, हे सोबत्याला विचारून अर्धेच उत्तर मिळते. ज्याला निष्ठा मिळाली, त्याने तिचे काय केले? परीक्षा त्याची आहे. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत वॉटसनच्या मांडीत गोळी घुसते. होम्सचा आवाज कापतो, ओठ थरथरतात. तो चाकूने वॉटसनची विजार फाडून जखम पाहतो, ती वरवरची आहे हे दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि गुन्हेगाराला बजावतो, की माझा मित्र मेला असता, तर तू या खोलीतून जिवंत गेला नसतास. इतक्या वर्षांच्या सेवेचे सार्थक या एका क्षणात झाले, असे वॉटसन लिहितो. वाचकाला मात्र वाटून जाते, की हे कळायला गोळी का लागावी? एवढे प्रेम होते, तर ते एखाद्या सकाळी नाश्त्याच्या वेळी का सांगितले नाही? होम्सने १९२६ सालच्या दोन कथा स्वतः लिहिल्या, असे डॉयल यांनी दाखवले आहे. त्या कथांत बुद्धी आहे. ऊब मात्र उणावली आहे. शरदिंदूंच्याही शेवटच्या काही कथांत निवेदक अजित नाही, आणि तेथेही काही हरवल्यासारखे वाटते. सोबती नसला, म्हणजे त्याची किंमत कळते.

ही परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होणारा गुप्तहेर आपल्या वाचकांच्या ओळखीचा आहे. जी. के. चेस्टरटन यांचे फादर ब्राउन हे बुटके, साधे धर्मगुरू. त्यांचा सोबती फ्लॅम्बो हा आधी अट्टल चोर असतो. फादर त्याला पकडतात आणि पुढे त्याचे मन वळवतात. चोराचा खासगी गुप्तहेर होतो, आणि जिवलग मित्रही. येथे निष्ठेचा प्रवाह उलटा वाहतो. सोबत्याने आधी गुरूवर विश्वास ठेवला असे नाही, फादरांनी आधी त्या चोरावर विश्वास ठेवला. पापनिवेदन ऐकता ऐकता माणूस ओळखायला शिकलेले हे धर्मगुरू स्वतःच मुळात ऐकणारे आहेत. १९५४ साली या कथांवर चित्रपट निघाला. ॲलेक गिनेस फादर ब्राउन झाले आणि पीटर फिंच फ्लॅम्बो. चित्रीकरण फ्रान्समध्ये चालू असताना गिनेस झग्यातच रस्त्याने चालले होते. एका अनोळखी लहान मुलाने त्यांना खरेच धर्मगुरू समजून त्यांचा हात धरला आणि बडबड करीत काही अंतर सोबत केली. त्या निःशंक विश्वासाने गिनेस अंतर्मुख झाले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. १९५६ साली ते कॅथलिक झाले. आपण ज्या विश्वासाला पात्र नव्हतो तो आपल्यावर टाकला गेला, तेव्हा त्याला पात्र होण्याचे ऋण आपल्यावर येते, एवढे त्या मुलाने न सांगता सांगितले.

वॉटसनवर, अजितवर आपण प्रेम करतो ते भाबडेपणाचे कौतुक नव्हे, असे माझे उत्तर आहे. उघड्या डोळ्यांनी आणि स्वतःच्या मर्जीने दुसऱ्याचे नीट ऐकून घेणारा माणूस आपल्याला दुर्मिळ वाटतो, म्हणून तो आवडतो. पण ते प्रेम पडद्यापाशी संपू नये. प्रत्येक कुटुंबात एक बोलणारा आणि एक ऐकणारा असतो. निर्णय एकाच्या नावावर जमा होतात आणि ते निभावण्याचे काम दुसऱ्याच्या वाट्याला येते. सभेत भाषण करणाऱ्याचे नाव अहवालात येते. सतरंज्या घालणाऱ्याचे येत नाही. जो आपल्या घरचा, आपल्या धर्मग्रामाचा अजित आहे, त्याला गोळी लागेपर्यंत आपण थांबू नये. आज रात्री जेवायला बसताना त्याला एखादी गोष्ट विचारावी, मध्ये न बोलता तिचे उत्तर ऐकावे, आणि त्याने आपली चूक दाखवली तर त्याला गप्प बसवू नये.